उजवी पाकळी

बाबांना सांगायचं की नाही, हे आमच्या घरात देवाला विचारून ठरलं. पणजीच्या डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि थोरल्या काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा पावसाळा काही ते बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी काका, आई आणि मी मुळगावच्या देवळात. कौल लावायला भटजींनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी आधी पडली तर देवाचा होकार. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "ताका सांगूंक नाका, अशें आसल्यार उजवी दी." उजवी पडली. 'सांगूं?' असं विचारलं असतं तरी उजवीच पडली असती, असं मला आजही वाटतं. पण प्रश्न काकांचा होता.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे आणि दर वर्षी जत्रेच्या नाटकात राजा व्हायचे. त्या वर्षी काकांनी त्यांची भूमिका परस्पर दुसऱ्याला दिली. "दम लागता तुका. फुडल्या वर्सा कर," म्हणाले. बाबांनी ऐकलं, कारण पुढचं वर्ष आहे असं ते धरून चालले होते.

त्यांचं मन रमावं म्हणून काकांनीच आम्हाला डिचोलीला सिनेमाला नेलं. पोट धरून हसाल, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. नीट चौकशी करतील तर ते काका कसले! सिनेमात डॉक्टर नायकाला सुरुवातीलाच तोंडावर सांगतो, तुझे थोडे महिने उरलेत. आणि तो गडी रडत न बसता राहून गेलेलं सगळं करायला निघतो. लोक शिट्ट्या मारत होते, आमची रांग गप्प. मध्यंतरात काका म्हणाले, "चला, बस चुकतली."

बाबा हलले नाहीत. "सोंपूं दी," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी सरळच विचारलं, "दादा, माका कितें जालां?"

"कांय ना रे. धूळ गेल्या छातींत. बरो जातलो तूं."

"तर मागीर ह्या वर्सा माका राजा करूं दी."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. मला राहवलं नाही. म्हटलं, "करूं दी बाबांक."

"तूं ओगी राव!" काका खेकसले. "देवाचो कौल घेतला आमी."

"कसलो कौल?" बाबांनी विचारलं.

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा आईकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

जत्रेला ते शाल पांघरून पुढच्या खुर्चीवर बसले होते. राजाचं प्रत्येक वाक्य त्यांच्या ओठांवर यायचं. तो नवा राजा दोनदा अडखळला, तेव्हा मला दुष्ट आनंद झाला.

चैत्रात बाबा गेले. तेराव्याला काका ओसरीवर बसून येईल त्याला सांगत होते, "ताका शेवटामेरेन कांय कळ्ळें ना. सुखान गेलो." लोक म्हणत होते, भाऊ असावा तर असा. आई मान डोलावत होती. मी सगळ्यांना चहा देत होते.