लागोपाठ तीन होकार

बुन-हाय माशाचे गोळे विकायचा. लुकांगच्या बाजारात त्याच्या गाडीपुढे रांग लागे. पण दुपारी गाडी बंद झाली की स्वारी माजोंगच्या टेबलावर, ठोकळ्यांच्या जुगारात. त्या ठोकळ्यांपायी आधी गाडी गेली, मग बायको ग्योक-थो लेकीला घेऊन माहेरी गेली. तेव्हा त्याने मात्सू देवीपुढे उदबत्ती धरून शपथ घेतली की पुन्हा जुगार खेळणार नाही. बायको परत आली. अकरा वर्षं त्याने शब्द पाळला. नववर्षाला अख्खी गल्ली पैसे लावून खेळते, तेव्हा हा दारात बसून कलिंगडाच्या बिया फोडत असे. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझं उदबत्त्यांचं दुकान देवळाच्या दाराला लागूनच आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्याची साठी उलटली आणि बाजाराशेजारी एका शेअर दलालाने हॉल उघडला. भिंतभर आकडे, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे चढले की लाल, पडले की हिरवे. समोर खुर्च्या, फुकट चहा, फुकट एसी. बायका भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून तिथेच बसायच्या. बुन-हाय आधी गारव्यासाठी गेला. महिन्याभरात सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकू लागला.

"हा जुगारच आहे," ग्योक-थो म्हणाली.

"जुगारावर सरकार कर घेतं का? ह्याच्यावर घेतं!"

"ती कंपनी काय बनवते, ते तरी ठाऊक आहे?"

"काहीतरी बारीकसं बनवते. फोनात बसतं."

शेवटी तिने निवाडा देवीवर सोपवला. "लागोपाठ तीन होकार पडले, तर मी तोंड उघडणार नाही. नाही पडले आणि तरी खेळलात, तर मी चालले ताइचुंगला लेकीकडे. ह्या खेपेला परत यायची नाही."

सकाळी दोघं कौल लावायला आली. कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले, तर देवी हसली, म्हणजे प्रश्नच धड विचारला नाही.

बुन-हायने गुडघे टेकून नाव-पत्ता सांगितला. "आई, शेअर घेणं म्हणजे जुगार नाही, बरोबर ना?" देवी हसली. त्याने प्रश्न बदलला. नकार. "ही कंपनी तिला पसंत नसेल," असं म्हणून दुसरीचं नाव घेतलं. एक होकार, मग पुन्हा नकार. प्रश्न फिरवून विचारायची मुभा असते, सगळेच विचारतात, पण दोन-तीनदा. हा विसाच्या पुढे गेला. मागे माणसं पेटत्या उदबत्त्या धरून ताटकळली. ह्याने बाह्या सारल्या, तुकडे मुठीत घोळवले, त्यांवर फुंकर मारली आणि ओरडला, "ये, ये, आणखी एकदाच!" देवीपुढे! मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अखेर तीन होकार लागोपाठ पडले. तो टुणकन उठला. "बघ! आता बोल!"

"देवी हो म्हणाली, ते पाहिलं," ग्योक-थो म्हणाली. "तुम्हालाही पाहिलं."

ती दुपारच्या बसने ताइचुंगला गेली. चार दिवसांत राग ओसरेल, असं त्याला वाटलं. ओसरला नाही.

आठवड्याने तो सकाळीच माझ्या दुकानात आला. त्याने घेतलेला शेअर भलताच चढला होता. "ताई, माझा फोन ती उचलत नाही. तूच सांग तिला. मी जिंकलो म्हणावं."

मी फोन लावला आणि सांगितलं. ती म्हणाली, "विकले का त्यांनी?"

विचारायला मी मान वर केली. हॉल उघडायला पाच मिनिटं होती. गडी केव्हाच तिकडे निघून गेला होता.