आसारामची रॅमची जोडी

आसाराम मागच्या पौषात गेला. त्याच्यावर चार ओळी लिहा, असं त्याच्या मुलीनं, तेजश्रीनं मला फोनवर सांगितलं. खरं तर तो मला फारसा ठाऊक नव्हता. नेकनूरला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आणि शेजारी माझी खोली, एवढाच संबंध. त्याला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, मी सांगू शकणार नाही. एक गोष्ट तेवढी मी जवळून पाहिली.

तेजश्रीला पुण्यात एका कंपनीत ॲनिमेशनची नोकरी मिळायची होती. त्यासाठी दोन मिनिटांची फिल्म सोमवारी पाचच्या आत पाठवायची होती आणि घरचा संगणक अर्ध्यातच थांबायचा. रॅम कमी पडते, असं आसारामनं निदान केलं. नवी रॅम आणायची आणि तिच्यावर लिहिलेल्या वेगापेक्षाही जोरात पळवायची, असा त्याचा बेत. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात म्हणे.

शनिवारी बीडला निघताना त्यानं मलाही बसमध्ये घातलं. मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेली, त्यामुळं बैलजोडी घेताना लोक मला बाजारात न्यायचे. "रॅमबी जोडीनंच घेत्यात, भाऊ," तो म्हणाला. "तुमची नजर लई साफ हाय."

दुकानदार पवननं एक बंद खोकं पुढं केलं. "काका, ही घ्या. कंपनीनंच तपासून जोड लावलाय."

"झाकलेलं जनावर कुणी घेतं का बे? सुट्ट्या काढ."

पवननं रॅमच्या सुट्ट्या पट्ट्या मांडल्या. आसारामनं एकेकीच्या पाठीवरून बोट फिरवलं, तळहातांवर तोलून पाहिल्या आणि दोन काळ्या पट्ट्या माझ्यापुढं धरल्या. उंची सारखी, पाठ सारखी, वेगाचा आकडाही सारखा.

"बगा. लागतो का जोड?"

"काका, आतल्या चिपा वेगळ्या आहेत," पवन म्हणाला.

"तुला इचारलं का?"

मी नाही म्हणायला मान हलवली. ती होकारासारखी हलली असावी, कारण आसारामनं तीच जोडी बांधून घेतली.

रविवारी दिवसभर त्यानं वेग वाढवला की संगणकाचा पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद पडायचं. सोमवारी सकाळी मी डोकावलो, तेव्हा आसाराम यंत्रापुढं उकिडवा बसला होता आणि तेजश्री रडायच्या बेतात होती.

"अप्पा, मला पळणारा नको, चालणारा पाहिजे."

"चालंना कावून, तेच कळंना. भाऊ, एक वढतंय आन् दुसरं बसतंय."

मला अपराधी वाटलं. जोड मीच पास केला होता. "मग बसणाऱ्याच्या चालीनं हाकावं लागेल," मी म्हणालो. बैलांबद्दल तेवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

 त्यानं वेग पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर आणून ठेवला. चार वाजून चाळीस मिनिटांनी फिल्म गेली.

तेजश्रीला नोकरी लागली. मे महिन्यात बापलेक पुण्याला निघाले, संगणकही मांडीवर घेऊन. मी गाडीपर्यंत गेलो. पुन्हा आमची भेट व्हायची नव्हती, हे तेव्हा कुणाला माहीत?

"खिडकीपाशी जागा मिळाली का?" मी विचारलं.

"मिळाली. पर उनाची बाजू हाय."

"पडदा ओढून घे."

"ह्या गाडीला पडदा कुठला, भाऊ?"