लछमनदासची हाक

"कोरोनरी थ्रॉम्बोसिस," कल्याणहून आलेले डॉक्टर कानातली नळी काढत म्हणाले. "म्हणजे?" मी विचारलं, तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली आहे, अंथरुणावरून उठायचं नाही. "आणि बाई, यांना संताप होऊ देऊ नका. जिवावर बेतेल."

हसावं की रडावं, मला कळेना. आमच्याकडे संताप पाहुणा म्हणून कधी आलाच नव्हता, तो घरचाच होता.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन. कष्टाळू, निर्व्यसनी, पण समोरचा माणूस आपल्या वाईटावरच आहे, अशी यांची खात्री. साहेब हसले तर तो टोमणा, शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर त्यात मतलब. आरडाओरडा फार नसे. आतल्या आत धुमसायचे, आणि विसरायचे मात्र काही नाही.

सगळ्यात मोठं वैर लछमनदासशी. फाळणीत सिंध सोडून आलेला हा माणूस उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीत राहायचा आणि सायकलवरून पापड विकत आमच्या मोरिवलीपर्यंत यायचा. यांना पाहिलं की लांबूनच हाक मारायचा. यांना ती 'गधा' अशी ऐकू यायची. "चार लोकांत मला गाढव म्हणतो!" म्हणून यांनी त्याला आमच्या आळीत पाय ठेवू दिला नव्हता.

दुखण्याचं कळल्यावर तोच दारात उभा. खाटेकडे बघून त्याचे डोळे भरून आले. "अदा, ये क्या हो गया?"

हे ताडकन उठायला गेले आणि छाती धरून उशीवर कोसळले. मी जिभेखाली ठेवायची गोळी दिली. कळ ओसरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग दाराशी जाऊन त्याच्यावरच उखडले, "उनको गधा कायको बोलता है तुम?"

त्यानं कानाला हात लावले. "गधा नहीं, भाभी, अदा. हमारी सिंधी में बडे भाई को बोलते हैं. मेरा अदा उधरही रह गया. इनका चेहरा वैसाही है."

यांनी सगळं ऐकलं होतं. आता तरी मनातली अढी सुटेल, हे जगतील, असं मला वाटलं. पण हे म्हणाले, "फुकटचा भाऊ कोण होतो? काहीतरी हवं असणार त्याला."

मी त्या दिवशीच खचले. जित्याची खोड, दुसरं काय.

हिंडूफिरू लागल्यावर हे पुन्हा कामावर गेले. दुसरा झटका कारखान्याच्या फाटकाशीच आला. एका सोबत्यानं "तब्येत कशी आहे?" एवढंच विचारलं होतं. यांना वाटलं, हा माझ्या जागेवर टपलाय. भांडता भांडताच खाली बसले, ते उठले नाहीत.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांना सांगते. मीठ-तूप डॉक्टर बंद करतात, गोळ्याही देतात. मनातला संशय मात्र हातीपायी धड असतानाच काढायला हवा. खाटेला खिळल्यावर तो निघत नाही, मी बघितलंय.

तिरडी उचलताना लछमनदास न बोलावता पुढं झाला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. खांदा देताना तो एवढंच म्हणाला, "अदा."

त्या हाकेवर हे पहिल्यांदाच चिडले नाहीत.