पान लागलं

आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, आणि तिन्हीसांजेला तर तेही म्हणत नाहीत. तो चावला असंही कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो, असा समज. मी आता पिकलं पान झाले आहे, चार बुकं वाचली आहेत, तरी हे वरचं पहिलं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. दहाबारा घरं आणि त्यांतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. माझी आई भातकापणीत पान लागून गेली. तिला आधी वाटलं धसकट टोचलं. वाटलं म्हणून ती तशीच कापत राहिली, मग बायका विचारत बसल्या की काय झालं, कुठं झालं, काटा आहे का पाहू. बाबा वरच्या खाचरात होते. त्यांना हाक पोचेपर्यंत आईची जीभ जड झाली होती. मी तेव्हा आठ वर्षांची होते, धाकटी पुरती पाचचीही नव्हती.

तेराव्याला मुंबईहून मामा आला. तो गिरणीत होता, त्याच्या घरी तीन मुलगे आणि मामीला मुलीची हौस. जेवणं झाल्यावर त्याने ओटीवर सगळ्यांसमोर विषय काढला. बाप्याच्या हातून पोरी वाढत नसतात, धाकटीला मी नेतो, असं त्याचं म्हणणं. वाडीतली जाणती माणसं माना डोलवायला तयारच होती. बाबा म्हणाले की मला एक वर्ष द्या. मामा वाईट माणूस नव्हता. त्याने वर्ष दिलं, पण बोलायचं ते बोलून दिलं.

"पुढल्या गणपतीत येतो, भावोजी. दोघी धडधाकट दिसल्या तर तोंड उघडणार नाय. एकीला जरी काय झालं तर धाकटी माझी."

त्या दिवसापासून बाबांचं वर्ष सुरू झालं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचे बाबा पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

पहाटे उठून ते भाकऱ्या भाजत. नाचणीची भाकरी त्यांच्या हातून कधी गोल झाली नाही आणि पातळ तर नाहीच. करपलेली स्वतःला, मधली आम्हाला. मग आमची डोकी. शेजारच्या काकीकडून ते लिखा काढायला शिकले होते, तिच्यासमोर मांडी घालून, शाळेत बसल्यासारखे. त्यांनी घातलेल्या वेण्या एक वर एक खाली असत, आणि इतक्या घट्ट की डोळे ताणले जात. आईच्या लुगड्याचे त्यांनी आम्हाला परकर शिवले. टाके गोणपाटाला घालतात तसे. बैलाच्या माळेतले दोन-दोन घुंगरू काढून त्यांनी आमच्या पायांत बांधले, जनावर आवाजानं बाजूला व्हावं म्हणून. वाडीतल्या बायका हसायच्या की ह्याने पोरी पाळल्यात का बकऱ्या. बाबा हसण्यावारी नेत, पण घुंगरू सोडले नाहीत.

त्यांच्या कमरेला करदोट्याबरोबर अंबाडीची एक दोरी कायम गुंडाळलेली असे. स्वतः वळलेली, बोटाएवढी जाड. कशासाठी हे आम्हाला माहीत होतं, कारण रोज सकाळी घराबाहेर पडताना ते आमची उजळणी घेत. पान लागलं तर काय करायचं? जिला लागलं तिने जागच्या जागी बसायचं, हलायचं नाही, रडायचं नाही. दुसरीने धावत यायचं. "काय झालं म्हणून इचारत बसायचं नाय. पान लागलं म्हणली की सुटायचं," हे ते मला बजावत. संध्याकाळी चुलीच्या उजेडात दोघींचे पाय मांडीवर घेऊन तळवे, घोटे, बोटांची बेचकी बघत. कधीतरी एखादा ओरखडा दिसे आणि त्यांचा हात थांबे. पुढे पुढे मला त्या संध्याकाळच्या तपासणीचीच भीती वाटायला लागली. दिवसभर धड असलेले पाय तेव्हा माझे वाटत नसत.

धाकटीला ह्यातलं काय कळत होतं, हे कुणी कधी विचारलंच नाही. आई पान लागून गेली, असं तिने ऐकलं होतं. पान लागलं की बसायचं, हे तिला पाठ होतं. पण ते पान म्हणजे काय हे तिला सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता, आणि तो आमच्या घरात आता कुणीच उच्चारणार नव्हतं. पाच वर्षांच्या मुलीला पान म्हणजे झाडाचं पान. आपली आई एका पानाने मेली, असं ती पोर वर्षभर समजून होती.

श्रावण आला. नाचणीच्या बेणणीचे, तण काढायचे दिवस, गवत माझ्या छातीला लागत होतं. बाबा वर बेणत होते. आम्ही दोघी खालच्या बांधावर भाजी खुडत होतो. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि मधल्या वेळात इतकं शांत व्हायचं की गवतात काही सरकलं तरी ऐकू यावं. न्याहारी नुकतीच झाली होती. मी वळून बघते तर धाकटी बांधावर बसलेली. ताठ, हात मांडीवर. तोंड पांढरं, डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही.

"पान लागलं," ती म्हणाली.

मी विचारलं नाही. मी धावले.

बाबा खाली आले ते जणू घरंगळतच. तोवर तिच्या डाव्या घोट्यावर आणि पोटरीवर लाल गांध्या उठल्या होत्या, पाय सुजत चालला होता. बाबांनी दोन खुणा शोधल्या. इतक्या गांध्यांत शोधणाऱ्याला हव्या त्या खुणा सापडतात. त्यांना सापडल्या. गुडघ्याखाली दोरी बांधली, काठी घालून पिळली, आणि विळ्याच्या टोकाने खुणांवर चिरलं. रक्त आलं. धाकटी एकदाच किंचाळली आणि मग तिला आठवलं असावं की रडायचं नाही. तिने ओठ आत घेतले.

पान उतरवणारा माणूस खाली नदीकाठच्या गावात, दोन कोसांवर. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले की तिला झोपू देऊ नको, बोलती ठेव. मी मागून धावत धावत विचारत राहिले. कुठे होतं? केवढं होतं?

"हिरवं होतं," ती म्हणाली. "झाडावर होतं. लय खाजतंय गो."

मी वाटेतच थांबले. बांधाच्या त्या टोकाला कुड्याच्या झाडावर आग्याचा वेल चढलेला होता. त्याचं पान अंगाला लागलं की आग पेटते, गांध्या उठतात, आणि तासाभराने सगळं उतरतं. आम्हा सगळ्यांना तो लहानपणी लागलेला आहे. धाकटीला मात्र कधी लागला नव्हता, कारण बाबांनी तिला कधी गवतात सोडलंच नव्हतं.

मी धावत पुढे गेले. "बाबा, झाडावरचं पान लागलंय तिला," मी म्हटलं.

"ऐकलं मी. हिरवं," बाबा म्हणाले आणि आणखी भराभर चालू लागले. झाडावरच्या हिरव्याची जात वाईट, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं.

"बाबा, पानच हाय ते. पानच."

"माहीत हाय गो बाय."

आग्याचं नाव घ्यायचं मला त्या धावपळीत सुचलंच नाही; मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तो साप नव्हता. तीन शब्द. कमरेएवढ्या गवतातून वाट जात होती, पाऊस लागला होता, आणि आई ज्याने गेली त्याचं नाव मी तिथे घ्यायचं? घेतलं असतं तर तो खरंच आला असता, असं मला वाटलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि विश्वास ठेवायला मी एकटी पुरेशी होते.

तो माणूस घरी नव्हता. महाडच्या बाजाराला गेला होता. त्याची बायको म्हणाली की दुपारपर्यंत येतील, पण तोवर दोरीला हात लावू नका. दुसऱ्याने सोडली तर विष एकदम वर चढतं. बाबांना हे आधीच माहीत होतं. ते ओटीवर पोरीला मांडीवर घेऊन बसले. पाय आधी लाल होता, मग जांभळा झाला. बाबांनी तो मला दाखवला. "बघ, विष खालीच अडलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी वर्षभरात न ऐकलेलं समाधान होतं. गावातली माणसं जमली, आणि जो येईल त्याला बाबा सांगत होते की माझी मोठी एका दमात धावत आली, पोरीने क्षण दवडला नाही. ह्या खेपेला उशीर नाही झाला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आणि मी गप्प बसले. नाव घ्यायची भीती होती हे खरं. पण दुसरंही खरं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटते. माझं कौतुक चाललं होतं. ते थांबावं असं मला वाटत नव्हतं. शिवाय पाय असा काळवंडत चाललेला बघून माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला. एवढी माणसं म्हणताहेत, तर लागलं असेल.

दुपार टळली. सावित्री नदीला पाणी वाढलं, बाजाराची माणसं अलीकडे येईनात. तेव्हा कुणीतरी बैलगाडी जुंपली आणि आम्ही पुलावरून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने महाडला निघालो. धाकटी आता पाय दुखतो म्हणत नव्हती. पाय आहे असं कळतच नाही, म्हणत होती. बाबांना तेही बरं चिन्ह वाटलं.

दिवेलागणीला दवाखान्यात पोचलो. डॉक्टर घाटावरचे होते, तरुण. त्यांनी पाय बघितला आणि काय चावलं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, पान लागलं. डॉक्टरांना ते समजलं नाही. आमच्या बोलीचा माणूस तिथे असता तर तोही फसला असता. डॉक्टरांना समजलं नाही म्हणूनच त्यांनी धाकटीकडे वळून विचारलं, "कसलं पान, बाळ?"

"आग्याचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोरी कात्रीने कापली. किती वेळ बांधलेली होती हे त्यांनी विचारलं तेव्हा बाबांनी न्याहारीपासून, असं सांगितलं, आणि सांगतासांगताच ते खाली बसले. डॉक्टर त्यांना एक शब्दही लागट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस आम्ही महाडात राहिलो, एका ओळखीच्या घराच्या पडवीत. तिची तीन बोटं काढावी लागली. बाकीचं पाऊल वाचलं, पण ते पुढे वाळत गेलं आणि आत वळलं. परत येताना गाडीत बाबांनी मला एकदाच विचारलं की तुला ठाऊक होतं का. मी होय म्हणून मान हलवली. मला वाटलं मारतील. त्यांनी माझा परकर पायांवर नीट ओढला आणि तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही. ते गेले तेव्हासुद्धा मी त्यांच्या उशाशी होते आणि बोलले नाही.

गणपतीच्या दोन दिवस आधी बाबांनी धाकटीचं बोचकं बांधलं. दोन परकर, फणी, थोडे पोहे. कुणी सांगितलं नव्हतं. शब्द दिला होता, तो मोडला, आता पोर द्यायची, एवढंच ते धरून चालले होते. बोचकं दाराशी ठेवून ते दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून वावरले.

मामा दासगावला बोटीतून उतरून चालत आला. येताना तिच्यासाठी लाल फ्रॉक आणला होता. ती काठी टेकत पुढे आली तेव्हा तो खाली बसला, तिचं पाऊल हातात घेतलं आणि रडला. मनापासून रडला, ते मी पाहिलं आहे. मग दीड दिवस गणपती होता, आरत्या झाल्या, जेवणं झाली, आणि मामा इकडचं तिकडचं बोलत राहिला. गिरणीचं, पावसाचं, मामीच्या गुडघ्यांचं. निघायच्या सकाळी बाबांनीच बोचकं उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

मामा बोचक्याकडे बघत म्हणाला, "खोलीत अकरा माणसं, भावोजी. तिसरा माळा, पाणी खालून आणायचं. असल्या पायाची पोर तिथं कोण बघणार? तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तो गेल्यावर बाबा बराच वेळ ओटीवर उभे होते. मग त्यांनी आत येऊन बोचकं सोडलं, परकर खुंटीवर टांगले आणि चूल पेटवायला बसले. वर्षभर त्यांनी देवापुढे एकच मागणं घातलं होतं, की दोघी माझ्यापाशीच राहू देत. मी सासरी गेले ती वेळ आली तेव्हा गेले. धाकटीला मात्र कुणी मागणी घातली नाही, आणि ती त्यांच्यापाशीच राहिली.