हात सोडायचा महिना

मी पंचेचाळिसाव्या वर्षी गिटार हातात घेतली, आणि तीही शास्त्रीय. गिटार म्हटलं की आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत लोकांना गळ्यात पट्टा अडकवून झणझण वाजवणारा कॉलेजचा पोरगा आठवतो. माझी तशी नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. हिला नायलॉनच्या तारा असतात, डावा पाय छोट्या पाटावर ठेवून बसायचं, उजव्या हाताची नखं वाढवायची आणि एकेका बोटानं वेगळा सूर काढायचा. शेजारीण म्हणाली, शाळेत गणित शिकवून तुमचं पोट भरत नाही का हो? मी म्हटलं, नाही भरत.

मला वेड लागलं ते धुळ्याच्या सरांमुळे. नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. एका लग्नघरी दुपारच्या निवांत वेळेला त्यांनी कोपऱ्यात बसून वाजवलं होतं. अंगठ्यानं खालचा एक सूर, आणि वरच्या एकाच तारेवर अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी तीन बोटं एकामागून एक. बोटं तीन, पण ऐकताना सूर कुठे तुटतच नव्हता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माणसाच्या हातातून हे निघू शकतं? मी ताटातली जिलबी तशीच ठेवून त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि मला शिकवाल का म्हणून विचारलं.

त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी एसटीनं पारोळ्यावरून धुळं, मांडीवर गिटार. कंडक्टर ओळखीचे झाले. शिकण्यात मी कसूर केली नाही, पण तीच तर गोची झाली. आमचं घर शेतकऱ्याचं. अंग दुखलं नाही तर आमच्याकडे त्याला काम म्हणतच नाहीत. कापूस वेचून आलेल्या बाईची कंबर मोडली नाही तर सासू विचारणार, शेतात गेली होतीस की बांधावर झोपली होतीस? मी रियाजही तसाच केला. अनामिकेचा सूर लंगडा पडतोय ना, मग तिला राबवा. घराचं जुनं कुलूप सुतळीनं त्या बोटाला बांधलं आणि टीव्हीपुढे बसून शंभर-शंभर वेळा उचललं. मोबाइलवर ठोके लावून रोज वेग थोडा थोडा वाढवत नेला. सरांना यातलं काही सांगितलं नाही. महिन्याभरात चकित करून टाकू म्हटलं.

चकित मीच झाले. आधी कोपरापासून मनगटापर्यंत ठणका लागला. मग अनामिका आपोआप तळव्याकडे वळायला लागली. मी तारेवर ठेवायची, ती मिटून बसायची. फळ्यावर वर्तुळ काढताना खडू सुटून पडला आणि सातवीचा वर्ग हसला. डॉक्टरांनी हाडात काही दोष नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, काही नाही रे, थकवा आहे. खरं तर पांघरुणाखाली मी दुसऱ्या हातानं ते बोट सरळ करत होते.

पुढच्या रविवारी सरांनी माझं बोट बघितलं. कुलपाची गोष्टही शेवटी माझ्या तोंडून निघाली. मी वर शहाणपणानं म्हटलं, सर, मी रोज दोन-दोन तास करते. ते म्हणाले, तेच तर. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक महिना देतो. तेवढ्यात हा हात सुटला तर ठीक. नाही सुटला, तर मी तुम्हाला शिकवणार नाही. तुमचा हात माझ्याकडे येऊन मोडला, असं मला नकोय."

महिन्याचं काम त्यांनी दिलं ते ऐकून मला संताप आला. एक तार, एक बोट. छेडायचं आणि लगेच हात सैल सोडायचा. पूर्ण सैल झाला तरच पुढचा सूर. दहा मिनिटं, बास. मी छेडायची, सोडायची, आणि हात दगडासारखा तो दगडासारखाच. सैल सोड म्हणजे नेमकं काय करू? कुठला स्क्रू फिरवू? नवरा आतून विचारायचा, नळ गळतोय का गं? मी त्याच्यावर उगाच खेकसायची. असे पंधरा दिवस गेले आणि माझी खात्री झाली की संपलं आपलं.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आई गेल्यापासून आखाजीला मी अक्काकडे जाते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पारोळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. आखाजीला आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे नसले तर सण झाला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. अक्काचे मांडे म्हणजे गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून बघायला येतात.

चुलीवर उलटं घातलेलं मातीचं खापर तापलेलं होतं. अक्कानं पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा घेतला, थापला आणि दोन्ही हातांवर झुलवायला लागली. या हातावरून त्या हातावर, प्रत्येक फेरीला पोळी वाढत जाते. बघता बघता ती तिच्या कोपरापर्यंत पसरली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसत होता. लाटणं नाही, पोळपाट नाही. मग एका झोक्यात ती खापरावर उतरली, सुरकुतीसुद्धा नाही. हे मी जन्मापासून बघत आलेय. पण बघत आलेय म्हणजे काय, जेवायची वाट बघत आलेय. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचे हात बघितले.

पोळी उजव्या हातावर गेली की डावा हात मेल्यासारखा लोंबायचा. क्षणभरच, पण पुरता. बोटं लुळी, मनगट लुळं. पोळी परत आली की जागा व्हायचा, आणि गेली की पुन्हा लुळा. मी गणिताची बाई, मोजायला लागले. एका मांड्याला वीस-बावीस फेऱ्या, म्हणजे तितक्याच वेळा प्रत्येक हाताला सुट्टी. सकाळपासून चाळीसेक मांडे झाले होते. चौसष्ट वर्षांची बाई, चुलीची धग, आणि तिच्या खांद्यावर ताणाचा मागमूस नव्हता. सर जे तोंडानं सांगत होते ते ही चुलीपुढे बसून करत होती, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. मला खरंच तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मी विचारलं, अक्का, हात मध्येच सोडतेस ते कसं? ती म्हणाली, मी कुठे काय सोडते. मग तिनं एक गोळा माझ्या हातावर टाकला. पहिली पोळी फाटली. दुसरी माझ्या कोपराला चिकटली. तिसरी चुलीत गेली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अक्का हसली नाही. तिनं माझं मनगट पकडलं आणि तिचा चेहराच बदलला.

"इतला कडक हात?" ती म्हणाली. "बाय, तुले काय झायं?"

मी सगळं सांगितलं. अनामिका, कुलूप, महिना, सगळं. बायकांसमोर डोळ्यांत पाणी आलं. अक्कानं चूल मंद केली, पिठाचे हात धुतले आणि मला बाहेरच्या ओट्यावर नेलं. माझा हात तिनं आपल्या दोन्ही तळव्यांवर घेतला आणि म्हणाली, "तुना हातनं वजन माले दे."

मी म्हटलं, दिलं की. ती म्हणाली, नाही दिलं, तूच उचलून धरलाय. तिनं आपले तळवे झटकन खाली काढून घेतले, तर माझा हात हवेत तसाच राहिला! मी थक्क झाले. माझाच हात, आणि मला न विचारता लाकडासारखा ताठ उभा. पुन्हा घेतला, पुन्हा काढला, पुन्हा हवेत. ती न रागावता "दे, दे" म्हणत राहिली, लहान मुलाच्या हातातून वस्तू मागतात तसं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा तिनं तळवे काढले आणि माझा हात धपकन मांडीवर पडला. मला रडू फुटलं. अक्का म्हणाली, आजीनं मलाही असंच शिकवलं होतं. आखाजी येऊन गेली तरी पिठाला हात लावू दिला नव्हता, ओलं फडकं हातावर झुलवायला लावायची. मुठीत धरलं की काढून घ्यायची, म्हणायची उद्या ये.

घरी आल्यावर मी ठोके बंद केले. एक सूर, मग हात मांडीवर धपकन. पुन्हा एक सूर, पुन्हा हात खाली. हळूहळू मांडीपर्यंत न्यायची गरज उरली नाही, तारेवरच तो सैल व्हायला लागला. कडकपणा आला की गिटार खाली ठेवायची, गॅलरीत जाऊन यायचं, आणि नाहीच गेला तर त्या दिवसापुरतं बंद. हे थांबणं मला रियाजापेक्षा जड गेलं. आळशीपणा केल्यासारखं वाटायचं. पण आठव्या दिवशी अनामिका मिटली नाही.

महिना संपला त्या रविवारी मी धुळ्याला गेले. माझ्या मनगटाखाली सरांनी आपली दोन बोटं ठेवली आणि वाजवायला सांगितलं. मी एक सूर छेडला. सोडला. त्यांच्या बोटांवर माझा हात उतरला हे मला कळलं, त्यांनाही कळलं. मग ते म्हणाले, आता तिन्ही बोटं, हळू. मी वाजवलं. अनामिका, मधलं, तर्जनी. अनामिका, मधलं, तर्जनी. आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला अनामिकेचा सूर बाकीच्या दोघांइतकाच भरलेला ऐकू आला. त्या लग्नघरी ऐकलं होतं त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता तो, अगदी सावकाश होता, पण माझ्या हातातून निघत होता. मी आ वासून माझ्याच बोटांकडे बघत राहिले.

सरांनी विचारलं, हे कोणाकडे शिकलात? मी अक्काचं सांगितलं, खापराचं, ओट्यावरचं, सगळं. मग त्यांनी आपली दोन बोटं मनगटाखालून काढून घेतली. माझा हात अलगद तारांवर टेकला.

"पुढच्या रविवारी या," ते म्हणाले. "आणि अक्कांना विचारा, येतील का म्हणावं. मला त्यांचे हात बघायचेत."