तोट्यांचा उपास

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. देवरीला आई पडल्याचं कळलं तेव्हा तिची विचारपूस करण्याआधी मी तिच्यावर ओरडले होते. न्हाणीतल्या तोटीचा वायसर गेलेला, थेंब थेंब पाणी रात्रंदिवस फरशीवर, आणि त्या ओल्या फरशीवर आई घसरलेली. पाय मुरगळण्यावर निभावलं. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहते. मी जाहीर करून टाकलं, "आता पुरे. सामान बांध, फुलचूरला माझ्याकडे चल."

"एका तोटीपायी कोनी घर सोडते का वं?" आई पलंगावरून म्हणाली.

बराच वाद झाला. शेवटी मीच अट घातली. पुढे कधी घरात नको तिथे एक थेंब जरी दिसला, तर तिनं मुकाट्यानं माझ्याकडे यायचं. आईनं मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकले! जुने नळ ते, आज ना उद्या कुठेतरी गळणारच.

दोन महिन्यांनी न सांगता गेले, तर बेसिनखाली राख. न्हाणीत पाइपच्या प्रत्येक जोडाखाली राख. गच्चीवरून पाइप उतरतो तिथेही राख. म्हातारीचं डोकं फिरलं की काय, या भीतीनं मी झाडू उचलला आणि सगळं साफ केलं. आई दारात उभी राहून शांतपणे बघत होती.

"झालं झाडून? आता पुन्हा टाक. उपास सुरू आहे."

त्या दिवशी संकष्टी होती आणि तिचा उपास असतो हे मला ठाऊक होतं. पण तिनं तोट्यांनाही उपासाला बसवलं होतं. दर संकष्टीला सकाळी लागेल तेवढं पाणी बादल्यांत भरून घ्यायचं आणि सगळ्या तोट्या घट्ट बंद करायच्या. मग पाणी तापवायच्या चुलीतली कोरडी राख जोडाजोडाखाली पसरायची. दुपारपर्यंत जिथे काळा ठिपका पडेल तिथे गळतं. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ टाकून अर्धा तास थांबायचं. भांड्यात निळं उतरलं, तर आतलं रबर गेलं असं समजायचं. तोट्यांच्या जाळ्या काढून लिंबाच्या सालीनं घासायच्या. वायसर बदलायलाही ती हार्डवेअरच्या दुकानात उभी राहून शिकून आली होती. सगळ्यात शेवटी टाकीखालचा मोठा कॉक एकदा बंद करायचा, एकदा चालू.

"त्याले काऊन फिरवते?" मी विचारलं. देवरीत माझीही भाषा देवरीची होते.

"नाही फिरवला तं जाम होते. माह्या गुडघ्यासारखा."

मी पुन्हा राख पसरली आणि दुपारी एकेका जोडाखाली वाकून पाहिलं. कोरडी ठणठणीत. त्यानंतर आणखी तीनदा अशीच अचानक जाऊन धडकले. तिन्ही वेळा हात हलवत परत आले. आई छानच राहत होती, आणि खरं सांगते, मला त्याचा राग यायचा.

मग डोळे तपासायला आई चार दिवसांसाठी फुलचूरला आली. पिशवीत दोन लुगडी, मोहाची मूठभर फुलं आणि राखेची पुडी. नेमकी दुसऱ्याच दिवशी संकष्टी. "पाहुणी आहेस, पाहुणीसारखी राहा," मी दटावलं. पण आमच्या ह्यांना भलता उत्साह. त्यांनी सासूबाईंसाठी भराभर बादल्या भरून दिल्या.

"जवाई समजदार आहे," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुपारी सिंकखालचं कपाट उघडलं, तर राखेचा चिखल झालेला. मागची फळी भिजून फुगली होती. समोर मी डबे रचून ठेवलेले, त्यामुळे ती कधी दिसलीच नव्हती. निळीबद्दल ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते संडासात गेले आणि घाबरेघुबरे होऊन बाहेर आले. प्लंबरला बोलावलं. तो आधी टाकीखालचा कॉक बंद करायला गेला आणि वरूनच ओरडला, "दीदी, ये तो पूरा जाम है! कभी घुमाया नहीं क्या?"

नव्हता घुमवला. घर बांधल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात. मी तर देवरीला खरोखरच वाकून पाहत होते.

आई खुर्चीत आरामात बसली होती. "अट तुहीच होती ना वं? बांध सामान अन् चाल देवरीले."

हे पोट धरून हसले. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले. सिंकसाठी कोणी रडत नाही, एवढं मलाही कळत होतं.

चौथ्या दिवशी तिला सोडायला बसस्टँडवर गेले. ती खिडकीपाशी बसली आणि मी खाली उभी राहून बडबडत होते. डोळ्यांचे थेंब टाक, पोचल्यावर फोन कर, न्हाणीत जपून जा. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "तोट्या-बिट्या काही नाही वं माय. मले तुही आठवण येते. म्हनून तुले न्यायचं होतं."

आईनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "एवढं म्हनायले तुले वर्ष लागलं?"

ती उठली, पिशवी काखेत मारली आणि माणसांना बाजूला सारत खाली उतरली. "मावशी, टिकट फाडली ना!" कंडक्टर ओरडला.

"फाडली तं फाडली. पोरगी बलावून राहिली."

ती आणखी चार दिवस राहिली. सगळा वेळ आम्ही दोघी नुसत्या बोलत होतो. पाचव्या दिवशी ती आपल्या घरी गेली, आणि पहिल्यांदाच मी तिला थांब म्हटलं नाही.