पाव तासाचं व्रत

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण सांगतेय ते माझ्याच शहाणपणाचं आहे. मी वाईची, सातवी पास. लग्न होऊन कडेगावजवळच्या खेड्यात आले, ती त्या घरातली एकटी शिकलेली सून. ह्या शिक्षणाचा मला जो माज होता, तो कसा उतरला ते ऐका.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. घरात अकरा माणसं, दोन म्हशी, शिवाय उसाच्या लागणीला आलेली माणसं. दिवसाला साठ भाकरी थापायच्या! त्यात माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही हो. सकाळी भाकरीबरोबर सुरू व्हायचं आणि शेवटचं भांडं पालथं घालेपर्यंत थांबायचं नाही.

शेवटी कडेगावला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ बघितली, डोळे बघितले, मग विचारलं, "बाई, दिवसातनं बसता कवा?"

"बसते की. भाकरी करताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोळी देत न्हाई. रोज दुपारी पाव तास काय न करता, कुणाशी न बोलता बसायचं. एवढंच औषध."

सोपं वाटलं ना? मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला आणि मी धान्याच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकले. लगेच सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. "कुसुम, रिकामीच हायस व्हय? मग शेंगा फोड." पुढच्या दिवशी लसूण आला. तिसऱ्या दिवशी दीर सदरा आणि तुटलेली बटणं घेऊन आले. बसलेली सून दिसली की तिच्या मांडीवर काहीतरी आणून ठेवायचं, हा आमच्याकडचा रिवाजच.

चौथ्या दिवशी आत्याबाई सूपभर तांदूळ निवडायला घेऊन आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, माझं व्रत आहे. आमच्या वाईकडचं. पाव तास मुकं बसायचं."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. सुपाकडे बघितलं. "वाईचं व्हय? मग बस बाई," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

वाई म्हणजे घाट, देवळं, भटजी. तिथल्या व्रतावर शंका घेणार कोण? दीरांनी रेडिओ बंद केला. आमचे मालक म्हशीलासुद्धा हळू आवाजात शिव्या द्यायला लागले. आठ दिवसांत डोकं दुखायचं थांबलं. औषध डॉक्टरांचं, पण अक्कल माझी! किती खूष होते म्हणून सांगू.

पण चेहरा उजळला आणि तिथंच घात झाला. शेजारच्या शेवंताक्कांनी विहिरीवर गाठलं.

"काय गं, लय तजेला आलाय. कसलं व्रत धरलंयस म्हनं?"

मग काय, मी नेम रचत गेले. घोंगडीवर बसायचं. बोलायचं नाही. डोळे मिटले तर फळ जास्त.

"टेकलं तर चालतंय?"

"वाईला चालतं."

"आन् आडवं झालं तर?"

"दमलेल्या बाईला मुभा आहे."

दुसऱ्या दिवशी शेवंताक्का घोंगडी घेऊन हजर. आठवड्यात नऊ जणी झाल्या. भोंगा झाला की नऊ जणी आडव्या, आणि मी बापडी कोपऱ्यात उभ्याने व्रत करायची. त्यात शेवंताक्का घोरायच्या. बाहेरून जाणारे लोक दाराला हात जोडायचे, आत जप चाललाय म्हणून.

एका दुपारी आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुसुम, ह्ये व्रत किती दिसांचं गं?"

"एकवीस," मी ठोकून दिलं.

"मग परवा उद्यापन आलं की!"

उद्यापन! धरलेलं व्रत सवाष्णी जेवू घालूनच सोडायचं असतं, हे मी वाईची असून विसरले होते. घाईघाईनं म्हटलं, "आमच्याकडे एकच सवाष्ण घालतात."

शेवंताक्का उठून बसल्या. "शोभंल का? एकवीस दिस, तर एकवीस सवाष्णी. पुरणपोळी कर."

"मग तुम्ही सगळ्या मदतीला याल ना?"

"अगं, आमी व्रतातल्या! आमाला पाटावर बसवायचं असतंय."

उद्यापनाच्या दिवशी एकटीनं पाट्यावर पुरण वाटलं. पहिल्या पोळीला डोकं ठणकायला लागलं ते शेवटच्या पोळीपर्यंत. पंगत उठताना शेवंताक्का म्हणाल्या, "लय शांत वाटलं बघ ह्या व्रतानं."

संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून पडले. आत्याबाई सुंठ उगाळून घेऊन आल्या आणि कपाळाला लेप लावत बसल्या. मला रडूच फुटलं. म्हटलं, "आत्याबाई, व्रतबित काही नव्हतं. मला नुसतं बसायचं होतं हो."

"ठाव हाय की. पयल्याच दिशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकल्याली. म्हटलं, बघू तरी काय करती." त्यांनी लेप सारखा केला. "मी रोज दुपारी म्हादेवाला जाते न्हवं? तितं मागच्या अंगाला खांब हाय. लय गार. टेकते आन् डोळं मिटते. पंचवीस वर्सं झाली. अगं खुळे, व्रत म्हटलं की उद्यापन आलं. देवाला जाऊन येते म्हटलं की एक नारळबी लागत न्हाई."

मी मनात कान धरले. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तशी पदर सारखा करून दारात आले.

"आत्याबाई, देवाला जाऊन येते."

"तू कुटं निघालीस? अंगणात बघ की."

अंगणात नऊ जणी. काखेत घोंगड्या. शेवंताक्का पुढं होऊन म्हणाल्या, "कुसुम, फळ मिळालं गं! आमी पुन्यांदा एकवीस दिस धरायचं ठरिवलंय. उद्यापन हितंच. तुज्या हातचं पुरण लय ग्वाड."

मी वळून बघितलं. आत्याबाई चपला घालून महादेवाच्या वाटेला लागल्यासुद्धा होत्या. त्या कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. सातवी पास मी होते.